भिकाजी बिन सोनू, परागंदा

“भगिनी, आपण मोडी वाचता असे मला कळले.”

मी मान वर केली. समोर सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात टाय लावून कुणी येत नसे. आणि ‘भगिनी’ हा शब्द मी तोवर फक्त निवडणुकीच्या सभांत ऐकला होता.

“वाचते असं नाही. लावते,” मी म्हणाले. “एकेक अक्षर लावत जावं लागतं. वेळ लागतो.”

“मला कुणी घाई केलेली नाही,” असं म्हणून ते समोरच्या बाकावर बसले.

मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि दर मे महिन्यात या कक्षात येऊन स्वतःच्या घराण्याचा शोध घेत होते. तीन उन्हाळे खर्ची घालून हाती एवढंच लागलं होतं की माझ्या खापरपणजोबांची म्हैस सरकारी रानात शिरली आणि त्यांना दंड झाला. बाकी काही नाही. मी त्याचाही तक्ता केला होता. स्टाफरूममध्ये मात्र मी “आमच्या घराण्याची नोंद ब्रिटिश अमदानीपासून सरकारदरबारी आहे” एवढंच सांगत असे. म्हशीचा उल्लेख टाळत असे.

“मांजरेकरांनी पाठवलं का तुम्हाला?” मी विचारलं. मांजरेकर तिथले कारकून. मोडीतलं काही विचारायला कुणी आलं की ते त्याला सरळ माझ्या कोपऱ्यात धाडून देत आणि चहाला जात.

“होय. ते म्हणाले, सामंत बाईंना असे काम आवडते.” त्यांनी खिशातून पाकीट काढलं. “मी हरिश्चंद्र भिकाजी. मॉरिशसहून आलो.”

“भिकाजी वडील का?”

“नाही, आडनाव. माझे पणजोबा भिकाजी. बोटीतून उतरताना त्यांनी नाव सांगितले, लिहिणाऱ्याने तेच लिहून घेतले, आणि पुढे आम्हां सर्वांचे ते आडनाव झाले. माझी नात सोफी भिकाजी आहे.”

पाकिटात तिकडच्या सरकारी दफ्तरातला उतारा होता. ऊसमळ्यात कामाला आलेल्या प्रत्येक माणसाची तिथे नोंद झाली होती. नाव भिकाजी, बापाचं नाव सोनू, वय बावीस, जात मराठा, गाव पोखरभाट, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, डाव्या भुवईवर जखमेची खूण. मी तो उतारा दोनदा वाचला. सांगायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर मत्सर. माझ्या म्हशीपेक्षा ही नोंद कितीतरी सरस होती.

“तुम्हाला घर बघायचंय? नातेवाईक?”

“मला गाऱ्हाणे घालायचे आहे,” ते म्हणाले.

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे गावच्या देवासमोर गावकर, म्हणजे देवळाचा मुख्य मानकरी, उभा राहतो आणि एखाद्याचं मागणं मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला “होय म्हाराजा” म्हणून दुजोरा देतात. ते गाऱ्हाणं. मी लहानपणापासून ऐकत आलेली होते आणि “होय म्हाराजा” म्हणायचं बी. एस्सी.ला गेल्यावर सोडलं होतं.

“भिकाजी देवाला न सांगता गेला,” हरिश्चंद्र सांगू लागले. “आमच्या घरी सगळे असे मानतात. चक्रीवादळात छप्पर उडाले तर भिकाजी न सांगता आला म्हणून. मुलगा परीक्षेत पडला तर भिकाजी न सांगता आला म्हणून. माझी मोठी बहीण आहे. आम्ही आक्का म्हणतो. आई लवकर गेली, आक्काने लग्न केले नाही, मला तिनेच वाढवले. आता ती अंथरुणावर आहे. ती म्हणाली, हरी, तू बस कंपनीतून निवृत्त झालास, तुला काही काम नाही. जा आणि देवाला सांगून ये. म्हणजे मला शांतपणे जाता येईल.”

“आणि तुमचा विश्वास आहे यावर?”

“माझा आक्कावर आहे.”

मी त्यांना एवढं सांगितलं की गावकर भिकाजीचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालणार असेल तर भिकाजीच्या भावकीने शेजारी उभं राहायला हवं. म्हणजे आधी पोखरभाटात भिकाजीची भावकी कोण, हे शोधायला हवं. आणि तेही पुराव्यानिशी. ‘पुरावा’ हा शब्द उच्चारला की मला नेहमी जरा बरं वाटत असे.

मांजरेकरांकडून पोखरभाटाचे जुने पाहणी-खात्याचे कागद मागवले. लाल फडक्यात बांधलेले. मी लावायचे, हरिश्चंद्रांनी वहीत उतरवायचं. चौथ्या का पाचव्या दिवशी ती ओळ सापडली: भिकाजी बिन सोनू धुरी, परागंदा; वहिवाट भाऊ बाबाजी बिन सोनू याजकडे.

“बिन म्हणजे मुलगा,” मी सांगितलं. “सोनूचा मुलगा भिकाजी. बापाचं नाव जुळतं, गाव जुळतं, काळ जुळतो. जमीन भावाने कसायला घेतली.”

“आणि परागंदा म्हणजे?”

“गाव सोडून गेलेला. ज्याचा ठावठिकाणा नाही असा.”

“पळालेला?”

“सरकारच्या दृष्टीने.”

त्यांनी तो शब्द वहीत लिहिला, खाली रेघ ओढली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. “तिकडे तो दर रविवारी मारुतीच्या देवळात ढोलकी वाजवीत असे,” ते म्हणाले. “आणि इकडे सरकार म्हणते, ठिकाणा नाही. आक्काला हे फार आवडेल. आज फोन करतो.”

दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले. टाय नव्हता. डोळे तांबारलेले होते.

“झोप नाही झाली का?” मी विचारलं.

“नाही.” ते बसलेच नाहीत. “बाई, गावात कधी जाता येईल? उद्या?”

“अजून एक वही बघायची आहे. भुवईवरच्या खुणेचा काही उल्लेख कुठे...”

“नको. उद्या जाऊ.”

मला राग आला. शास्त्र न शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, मी मनात म्हटलं. प्रयोग पूर्ण व्हायच्या आत यांना निष्कर्ष हवा असतो. पण त्या संध्याकाळी बसून मी फाइल तयार केली. आजचा सातबारा तलाठ्याकडून आणला होताच. परदेशी उतारा, पाहणीचा कागद, माझं लिप्यंतर, सातबारा, अशा क्रमाने सगळं लावलं, आणि सर्वांत वर एक तक्ता. त्यात तीन रकाने: पुरावा, विश्वसनीयता, शेरा. खाली ओळ: एकंदर खात्री पंच्याण्णव टक्के. हा आकडा मी कसा काढला ते मला आज विचारलं तर सांगता येणार नाही. तेव्हाही आलं नसतं. पण खाली आकडा असला की कागद पूर्ण वाटतो.

पोखरभाट हे डोंगराच्या कुशीतलं गाव. टॅक्सी देवळापर्यंत गेली. आदल्या दिवशी निरोप गेला होता, त्यामुळे सभामंडपात दहा-बारा माणसं बसली होती. मध्ये तात्या गावकर, उघडे, कमरेला पंचा, कानात भिकबाळी. त्यांच्या शेजारी चाळिशीचा एक काटक माणूस. तो वासू धुरी. आमच्या सातबाऱ्यावरचं पहिलं नाव.

पहिली दहा मिनिटं इतकी छान गेली की त्यांची आठवण मला अजून बोचते. वासूच्या बायकोने कोकम सरबत आणलं. हरिश्चंद्रांनी सगळ्यांना हात जोडून “बंधूंनो, नमस्कार” म्हटलं, तेव्हा मागचा एक माणूस म्हणाला, “ह्यो तर आकाशवाणीसारो बोलता,” आणि सगळे हसले. हरिश्चंद्रही हसले. आपली मराठी आपण शाळेच्या पुस्तकातून शिकलो, घरी आता फक्त म्हातारी माणसंच ती बोलतात, असं त्यांनी सांगितलं.

“आमचो आजो सांगी होतो,” वासू म्हणाला, “आमच्या घरातलो एक जण बोटीत बसान गेलो तो परत इलोच नाय. बुडालो असतलो, असा समजी होते.”

“नाही बुडाला,” हरिश्चंद्र म्हणाले. “त्याला सहा मुले झाली.”

“बरा झाला,” वासू म्हणाला आणि मनापासून हसला.

त्या क्षणी मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माझ्या मांडीवर फाइल होती.

“हे नुसतं आजोबांनी सांगितलं म्हणून नाही,” मी म्हणाले. “याला कागदोपत्री आधार आहे.” आणि मी फाइल उघडून सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली. मी वर्गात शिकवते तशी शिकवू लागले. हा भिकाजी. हा त्याचा भाऊ बाबाजी. ही दोघांची समाईक जमीन, हा तिचा त्या वेळचा क्रमांक. भिकाजी परागंदा, म्हणून वहिवाट बाबाजीकडे. आणि हा त्याच जमिनीचा आजचा सातबारा, बाबाजीचे पणतू वासुदेव धुरी आणि इतर यांच्या नावे. “म्हणजे बघा,” मी समारोप केला, “साखळी कुठेही तुटत नाही.”

वासूने सातबारा उचलला, बराच वेळ पाहिला, जिथून उचलला होता बरोब्बर तिथे परत ठेवला.

“ह्यो आमचो न्हय,” तो म्हणाला.

“काय?”

“आमच्यातलो कोण बोटीत गेलोच नाय. आजो म्हातारपणात कायपण बडबडा.”

“पण आत्ताच तुम्ही...”

“बाई,” वासू शांतपणे म्हणाला, “ह्या सातबाऱ्यावर नावां किती आसत ती मोजलात? मी मोजलंय. सदतीस. घराचो एक खांब हलवूचो तरी सगळ्यांची सही व्हयी. एका सहीसाठी मी बडोद्याक जावन इलंय. एकाची बायको सही देणा नाय कारण माझ्या आयशीन तिका चौथीत असताना चिमटो काढलो होतो. आणि आता तुमी दर्यापारचो माणूस हाडलात.”

“बंधो, मला भूमी नको,” हरिश्चंद्र म्हणाले.

“तुका नको, ता खरा. तू देवमाणूस दिसतंस. पण तुझ्या झिलाक? नातवाक? माणूस मरता, बाबा. कागद मरत नाय.”

मला अजून वाटत होतं की अडचण फक्त माहितीच्या कमतरतेची आहे. “ते हक्कसोड पत्र लिहून देतील,” मी म्हणाले. “स्टॅम्पपेपरवर. जमिनीवरचा सगळा हक्क सोडला म्हणून.”

वासूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाकडे पाहते.

“हक्क सोडूचो म्हणजे आधी हक्क होतो असा लिवन देवक होया. मी खुळो नाय.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. वासूच्या बायकोने सरबताचे पेले गोळा करायला सुरुवात केली. हरिश्चंद्रांच्या पेल्यात अजून निम्मं होतं, तोही तिने उचलला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत ठेवला.

हरिश्चंद्र तात्यांकडे वळले. “गावकर, भावकी नसेल तर गाऱ्हाणे होणार नाही?”

“तुझ्या नावान होयत,” तात्या म्हणाले. “पावणो म्हणान नारळ ठेय, मी सांगतंय देवाक. पण भिकाजीचा नाव माका घेवक येवचा नाय. भावकी म्हणता आमचो न्हय, आणि मी देवाकडे आमचो म्हणान कसो सांगू?”

“मला त्याच्याच नावाने हवे आहे.”

“समाजला. पण नाय.”

हरिश्चंद्र उठले. देवळाच्या आतल्या उंबऱ्यापर्यंत गेले, आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्यालाही हात लावला नाही. तसेच उभे राहिले. त्यांच्या पाठीला घाम आलेला होता. मग वळून ते म्हणाले, “बाई, चला.”

मी फाइल बंद करायला घेतली. एवढं पूर्ण, एवढं निर्दोष काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि त्या कामाने त्या माणसाच्या तोंडावर दार लावलं होतं. पुरावा थोडा कमी असता तर आतापर्यंत नारळ फुटला असता.

“ऱ्हवा,” तात्या म्हणाले. त्यांनी बोट तक्त्याच्या खालच्या ओळीवर ठेवलं होतं. “हय पंच्याण्णव काय लिवलात?”

“किती खात्री आहे ते. शंभरातली पंच्याण्णव.”

“मगे पाच खय गेले?”

“ते शंकेचे.”

“शंका कोणाक?”

“मला.”

“तुमका?” तात्यांनी भुवया वर केल्या. “एवढे कागद हाडलात, आणि तुमकाच शंका?”

“शास्त्रात नेहमी ठेवावी लागते,” मी म्हणाले. “सोनू आणि भिकाजी ही नावं त्या काळी घरोघर होती. शेजारच्या वाडीत दुसऱ्या सोनूचा दुसरा भिकाजी असू शकतो. शक्यता कमी आहे. पण नाही असं म्हणता येत नाही.”

“म्हणजे ह्यो दुसऱ्याच कोणाचो असात?”

“असू शकतो.”

वासू पुढे सरकला. “ह्या तुमी लिवन देशात?”

मला कळायला जरा वेळ लागला. तात्या माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त भिकबाळी हलत होती. मी पेन काढलं आणि तक्त्याखाली लिहिलं, की उपलब्ध पुराव्यांवरून सदर व्यक्ती धुरी घराण्यातीलच आहे अशी पूर्ण खात्री देता येत नाही. खाली सही केली. वासू म्हणाला, “शिक्षाण पण लिवा,” म्हणून एम. एस्सी. लिहिलं. मी आजवर अनेक गोष्टींची खात्री दिलेली आहे, कुणी लक्ष दिलेलं नाही. माझ्या शंकेला एवढी किंमत त्याआधी आणि त्यानंतर कुणी दिली नाही.

वासूने ते वाचलं, शेजाऱ्याला वाचायला दिलं, त्याने पुढच्याला.

“झाला तर,” तात्या म्हणाले. “पाच टक्के सातबाऱ्याक, पंच्याण्णव देवाक. वासू, सातबाऱ्याक ह्यो तुझो कोण?”

“कोण नाय.”

“आणि देवाक?”

वासूने हरिश्चंद्रांकडे पाहिलं. ते अजून उंबऱ्यापाशीच होते, काय चाललंय ते त्यांना कळलेलं नव्हतं.

“आमचोच मां तो,” वासू म्हणाला. “नाक बघा तेचा.”

“फाइल हय देवाकडे ऱ्हवांदे,” तात्यांनी सांगितलं. मी ती गाभाऱ्याच्या कोनाड्यात ठेवली. घरी तिच्या आणखी दोन झेरॉक्स होत्या. हे मी देवासमोरही बोलले नाही.

मग सगळे उभे राहिले. नारळ हरिश्चंद्रांनी हातात घ्यायचा होता, पण त्यांनी तो वासूकडे दिला. “आपण ठेवा,” ते म्हणाले. “मी बाहेरून बघतो.” वासूला त्यात मोठेपणा दिसला. त्याने नारळ ठेवला आणि हरिश्चंद्रांच्या शेजारी येऊन उभा राहिला. तात्यांनी हात जोडले. त्यांचा आवाज बदलला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा...”

“होय म्हाराजा.”

“आज ह्यो हरिश्चंद्र तुझ्या पायाकडे इललो आसा. ह्येचो पणजो भिकाजी, सोनू धुऱ्याचो झील, तुका न सांगता गावाभायर गेलो...”

“होय म्हाराजा.”

“पोटाक नव्हता म्हणान गेलो. तुझो राग करून गेलो नाय.”

“होय म्हाराजा.”

“तेची चूक पदरात घे. आज तेचो पणतू तेच्या वतीन सांगूक इललो आसा. तो हय जमीन मागूक इल्लो नाय. घर मागूक इल्लो नाय. सही देवक इल्लो नाय आणि घेवकय इल्लो नाय.”

“होय म्हाराजा,” यात वासूचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

“आणि उद्या-परवा कोण ह्या गाऱ्हाण्याचो आधार घेवन तलाठ्याकडे गेलो, तर तेचा काय ता तू बघून घे.”

“होय म्हाराजा.”

मी दफ्तरात पुष्कळ दस्तऐवज लावलेले होते. इतका बिनतोड एकही पाहिला नव्हता.

तात्या थांबले, मान वळवून हळूच म्हणाले, “घरातल्यांची नावां सांग. राखण मागतंय.”

हरिश्चंद्रांनी सांगायला सुरुवात केली. मुलगा राजेश, सून मारी-क्लेअर. मुलगी विमला, जावई ज्याँ-पॉल. नातवंडं सोफी, यानिक, ओलिव्हिए. धाकट्या भावाची मुलं, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. तात्या अडखळत, पण एकही न गाळता ती नावं देवाच्या कानावर घालत होते. “मारी-क्लेर आसा... ह्यो तिचो झील यानिक आसा...” आणि प्रत्येक नावाला गाव होय म्हणत होतं. नावं संपेनात. वासू माझ्याकडे झुकला.

“बगलात मां बाई,” तो कुजबुजला. “ह्यां सगळ्यांच्यो सह्यो.”

शेवटी हरिश्चंद्र थांबले. मला वाटलं विसरले, म्हणून मी म्हणाले, “आणि आक्का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आक्का कोण?” तात्यांनी विचारलं.

“त्यांची मोठी बहीण,” मीच सांगितलं. “त्यांना वाढवणारी. अंथरुणावर आहे. तिनेच पाठवलंय यांना.”

“नाव काय तिचा?”

“सुभद्रा,” हरिश्चंद्र म्हणाले. फार हळू म्हणाले.

“सुभद्रा आसा म्हाराजा,” तात्यांनी हात वर केले. “ह्या घरातली थोरली चेडू. तिच्या सांगण्यान ह्यो इलो. तिका बरी कर. तिका आयुष्य दी, म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” वासू सगळ्यांच्या आधी म्हणाला. मागून मी म्हणाले.

वासू जेवायला थांबा म्हणून अडून बसला. हरिश्चंद्र काही केल्या थांबेनात. निघताना वासूच्या बायकोने आमसुलांची पिशवी हातात दिली, “आक्कांक” म्हणून. टॅक्सी डोंगर उतरून सपाटीला आली तरी ते पिशवी मांडीवर धरून बसले होते.

“झालं ना मनासारखं?” मी विचारलं. मी खूश होते. माझ्याही कामाचा काहीतरी उपयोग झाला होता, जरी शंभरातल्या पाचाचाच झाला असला तरी. “आता आक्काला फोन करून सांगा.”

“आक्का गेली,” ते म्हणाले. “त्या रात्री मी फोन केला, तो शब्द सांगायला. सकाळीच गेली होती.”

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे बघितलं.

आणि मी, रसायनशास्त्राची प्राध्यापिका, देवळात होय म्हाराजा म्हणायचं सोडलेली, पहिलं काय बोलले असेन तर, “म्हणजे तुम्हाला सुतक होतं?”

“होय.” ते खिडकीबाहेर पाहत होते. “म्हणून मी आत गेलो नाही. नारळाला हात लावला नाही. सांगितले असते तर दहा दिवस थांबा म्हणाले असते. तेवढे दिवस मला थांबता येणार नव्हते, परत जाऊन तिचे करायचे होते. आणि न सांगता परत गेलो असतो तर...”

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मला ते करता येत होतं.

“तुम्ही तिचे नाव काढले,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “मी काढणार नव्हतो. ते तिला आयुष्य मागत होते आणि मला थांबवता येईना.”

“मला माहीत नव्हतं.”

“बरे झाले माहीत नव्हते.” त्यांनी पिशवीची गाठ सोडली, आमसुलांचा वास घेतला, पुन्हा बांधली. “वासूला सांगू नका. त्याला देऊळ धुवावे लागेल.”

मी सांगितलं नाही. हरिश्चंद्र दोन दिवसांनी गेले. काही वर्षं दिवाळीला त्यांचं पत्र येत असे, मग सोफीचं एक आलं, ते गेल्याचं.

वासू मात्र मला भेटत राहिला. त्याचं घर एकदाचं बांधून झालं, सह्या कशा मिळवल्या ते तोच जाणे. बुधवारच्या बाजारात तो भाजी घेऊन बसतो. पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने विचारलं, “आमची आक्का कशी आसा?” मी म्हणाले, “बरी आहे.” दुसरं काय म्हणणार होते. पुढच्या वेळी त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हणाले, “आता थोडं हिंडते-फिरते.” हे मी का म्हणाले, माहीत नाही. एकदा खोटं बोललं की त्यात थोडी प्रगती दाखवावी लागते. मध्यंतरी मी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून आणलं.

मागच्या बुधवारी मी लाल माठाची जुडी घेत होते. वासूचे केस आता पांढरे झाले आहेत.

“बाई, आक्का?”

मी मनात हिशेब केला. ती असती तर शंभरी ओलांडून पुढे गेली असती. आता थांबायला हवं, असं मला वाटलं. कुठल्याही कसोटीवर हे यापुढे टिकणार नव्हतं.

“आहे,” मी म्हणाले. “बरी आहे.”

वासूने जुडी पिशवीत घातली, वर एक काकडी टाकली आणि जराही नवल न वाटता मान हलवली.

“व्हय तर,” तो म्हणाला. “आमच्या घराण्यात बायलमाणसां लांब जगतत.”